आतलं लोणी

त्या दिवशी लोणी-कारखान्याच्या थंड खोलीत सगळे थुंकले आणि एकट्या पारख्यानं गिळलं.

त्याचं काम चाखायचं. लोण्याच्या ठोकळ्यात पोकळ सळी खुपसायची, अर्धा वेढा देऊन बाहेर काढायची, सळीत आलेली कांडी नाकाखालून फिरवायची, नखाएवढा तुकडा जिभेवर घोळवायचा, बाजूच्या डब्यात थुंकायचा आणि प्रत सांगायची. पहिली, दुसरी, नाहीतर परत. त्याचे वडीलही पारखीच होते. घराण्यात नाक चालत आलंय, असं लोक म्हणत.

कोठीवाल्याला बरेच दिवस संशय होता. त्यानं मुद्दाम एक ठोकळा पुढे सरकवला. दुकानातून परत आलेला आणि बॉयलरच्या भिंतीशी विसरून राहिलेला. वरचा कागद सोलला तशी खोलीतली हवाच बदलली. तान्ह्या बाळानं दूध ओकावं, ते लोकरीच्या कपड्यात मुरावं आणि तो कपडा कुणी बंद पेटीत ठेवावा, तसा तो वास. कोठीवाल्यानं सगळ्यांना आधीच बजावून ठेवलं होतं, "चेहरा हलवायचा नाही कुणी. दगड व्हायचं."

सगळे दगड झाले. पारख्यानं सळी काढली, नाकाखालून फिरवली, आणि सवयीनं एकेकाच्या तोंडाकडे पाहून घेतलं. मग तुकडा जिभेवर ठेवला.

"पहिली प्रत," तो म्हणाला, आणि गिळला.

पॅकिंगच्या बाईला आणखी दम धरवेना. ती तोंडाला रुमाल लावून दाराकडे पळाली. मग एकामागून एक सगळेच थुंकले, खोकले, आणि हसू लागले. हसण्यासारखं त्यात काय होतं ते देव जाणे. पण माणसाला किळस आली की कधी कधी हसूही येतं.

"पारखीसाहेब," कोठीवाला म्हणाला, "आज नाक घरी खुंटीवर राहिलं वाटतं?"

 पारखी हात पुसत उभा राहिला. वास जाऊन कित्येक वर्षं झाली होती. तो लोण्याची पारख करतच नव्हता. आजूबाजूच्या माणसांच्या नाकपुड्या, ओठांचे कोपरे, कपाळावरची बारीकशी आठी, यांची पारख करत होता. त्यात मात्र तो खरोखर तरबेज झाला होता. आणि थुंकायचं त्यानं केव्हाच सोडलं होतं. चवच कळत नाही तर थुंकायचं कशासाठी? दिवसभर गिळत राहायचा. घरी येईपर्यंत पाव-अर्धा किलो लोणी पोटात गेलेलं असायचं.

व्यवस्थापकानं त्याला बोलावून घेतलं. "नाकाच्या डॉक्टरला दाखवा. नाक आलं की या," एवढंच म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण बोलताना त्यानं खुर्ची थोडी मागे घेतली होती.

घरी त्याच्या बायकोनं ते ऐकलं, आणि पहिल्यांदा तिला जे वाटलं ते दुःख नव्हतं. "तरीच," एवढंच तिच्या मनात आलं.

ती देवभोळी बाई. उठल्याबरोबर आंघोळ, मग प्रार्थना, मग घराला हात. दिवसातून एकदाच जेवायची, तेही संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाल्यावर. कुणाचं उष्टं खायची नाही. खोटं बोलायची नाही. आवाज चढवायची नाही. हे सगळे नेम तिनं आपखुशीनं धरले होते आणि कधी मोडले नव्हते. पण ज्या देवानं तिला इतकं शुचिर्भूत राहायची आवड दिली, त्यानंच तिला हा नवरा दिला होता. त्याच्या शर्टाच्या काखेतून, कॉलरमधून, पायजम्याच्या नाडीतूनसुद्धा खारट, तेलकट, शिळ्या सायीसारखा वास यायचा. उकळत्या पाण्यात भिजवूनही तो जात नसे. मागे एकदा त्यानं फाटलेलं, हिरवट दूध ग्लासभर पिऊन टाकलं होतं आणि वर मिशी पुसली होती. ती मोरीवर ओकली होती.

शिवाय त्याची कातडी. पोटऱ्यांवर, पाठीवर मासळीसारखे खवले धरायचे. रोज सकाळी चादर झटकली की पांढरा भुसा खाली पडायचा. ती तो केरसुणीनं गोळा करायची, सुपलीत घ्यायची आणि नाकावर पदर धरून बाहेर टाकायची. गेली काही वर्षं ती वेगळ्या खोलीत झोपत होती. कारण विचारलंच कुणी तर सांगायची, "मला पहाटे उठायचं असतं." हे खरंच होतं. पूर्ण खरं नव्हतं, पण खोटंही नव्हतं.

सासूबाई हे सगळं बघायच्या. म्हातारीची जीभ तिखट.

"माझ्या सुनेसारखं नाकानं कांदे सोलणारं माणूस दुसरं नाही सापडायचं," त्या शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या. "आणि माझ्या मुलाला नाकच नाही! देवानं दोघांची वाटणी करताना गडबड केली. एकाला दोन दिली, दुसऱ्याला एकही नाही."

"आई, हळू बोला," सून म्हणायची.

"हळूच बोलतेय. मोठ्यानं बोलले तर तुझ्या देवाला ऐकू जाईल."

नाकाच्या डॉक्टरनं नाकात दिवा घालून पाहिलं. नाक अगदी ठणठणीत होतं. त्यानं पुढे मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्या उंच, केस कापलेल्या, घाईच्या बाई. त्यांनी विचारलं, संध्याकाळी नीट दिसतं का? पारखी म्हणाला, दिसतं की. बायको हळूच म्हणाली, "दिवे लागायच्या वेळेला दारांवर आपटतात. लोकांना वाटतं पिऊन आलेत." चालताना पाय कुठं पडतोय ते कळतं का? पारखी म्हणाला, कळतं की. बायको म्हणाली, "मागच्या महिन्यात एका पायातली चप्पल रस्त्यात राहिली. घरी आल्यावर मी सांगितलं तेव्हा कळलं."

"मोजे काढा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बायकोनं मान फिरवली. मोज्यातून काय बाहेर पडतं ते तिला माहीत होतं. आणि तसंच झालं. पिवळट भुसा भुईवर सांडला, तळव्यांच्या भेगा उघड्या पडल्या. लाजेनं तिला भुई दुभंगावी असं झालं. डॉक्टरीणबाई मात्र खाली वाकल्या, त्याचं पाऊल दोन्ही हातांत घेतलं आणि चौथ्या बोटाकडे बघत राहिल्या. ते बोट शेजारच्या बोटांपेक्षा बरंच आखूड होतं, आत ओढून घेतल्यासारखं. दुसऱ्या पायालाही तसंच.

"हे जन्मापासून?"

"त्याच्या बापाच्या बहिणीचंही असंच होतं," बरोबर आलेल्या सासूबाई म्हणाल्या. "शेवटी आंधळी होऊन गेली बिचारी. का हो?"

 डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं आणि सांगितलं की हा फार विरळा आजार असू शकतो, रक्त दूरच्या प्रयोगशाळेत जाईल, उत्तर यायला वेळ लागेल. तोवर लोणी, तूप, चीज, साय, दूध, गाई-मेंढीचं मांस, चरबी, सगळं बंद.

"लोणी बंद?" पारखी म्हणाला, जणू कुणी त्याला श्वास बंद करायला सांगितलं होतं.

"तुमच्या अंगात एक विशिष्ट चरबी साठत असावी. ती या पदार्थांतून येते. माझी शंका खरी निघाली, तर तिनंच तुमचं नाक नेलं आणि डोळे नेतेय. ही वाढत गेली तर पाय जातील, हृदयावरही येईल."

बाहेर लोक खोळंबले होते. डॉक्टरीणबाईंनी पुढच्याला हाक मारली.

 घरी येताना बायकोच्या मनात एकच शब्द घोळत होता. चरबी. तो शब्द ऐकूनच तिच्या अंगावर काटा येई. इतकी वर्षं तिला ज्याची शिसारी होती तेच वैरी निघालं. तिचं नाक खरं बोलत होतं. देवानं तिला उगाच नव्हतं ते नाक दिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं घर उपसलं. बरण्या, डबे, तळणीची कढई, पोळपाटाच्या खाचेत जमलेला काळा तेलकट थर, चुलीमागच्या फरशीवरची पिवळी चिकटाई. चाकूच्या पात्यानं खरवडली तशी ती लांब वळ्यांमध्ये निघाली, मेणासारखी, त्यात मुंग्यांचे पाय अडकलेले. तिला उमळून आलं, पण ती थांबली नाही. पारख्याचे सगळे कामाचे कपडे तिनं अंगणात जाळले. सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या.

"बघ गं, माझ्या मुलाला नको टाकूस त्यात. तो पण लोण्याचाच गोळा आहे."

पारखी हसला. हसताना त्याचं पोट हललं. बायकोनं त्या पोटाकडे पाहिलं. आत काय आहे ते आता तिला कळलं होतं. वर्षानुवर्षं गिळलेलं, न थुंकलेलं लोणी. बाहेरचं तर टाकलं. आतल्याचं काय करायचं?

त्या संध्याकाळी दिवा लावून ती जेवायला बसली तेव्हा पारखी शेजारी येऊन उभा राहिला.

"मी सकाळपासून काही खाल्लं नाही," तो म्हणाला. "तुझ्यासारखं एकदाच जेवावं म्हणतो. तुझ्याबरोबर. चालेल?"

तिनं वर पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं तिच्या नेमाबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. "देवापुढे म्हणा मग," ती म्हणाली. "नुसतं माझ्यापुढे म्हणून उपयोग नाही."

त्यानं हात जोडले. डोळे बरे होईपर्यंत दिवसातून एकदाच, मूठभर, बिनचरबीचं, असं काहीतरी तो पुटपुटला. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. वाईट चरबी आहे तर चरबीच झडू दे. दुखणं निम्मं होईल." कुणालाही ते बरोबरच वाटलं असतं. त्या तिघांना तर ते देवानंच सुचवलंय असं वाटलं.

मग काही दिवस फार चांगले गेले. संध्याकाळी तो आंघोळ करून, धुवट कपडे घालून तिच्याजवळ येऊन बसायचा. तो झपाट्यानं वाळत होता. गालांची हाडं दिसू लागली आणि त्यांत लग्नातला मुलगा दिसू लागला. ती त्याच्याजवळ बसून प्रार्थना म्हणायची आणि तो चुकीच्या ठिकाणी मान हलवायचा. ताटातलं चिमूटभर अन्न दोघं सावकाश खायची. एकदा तिनं त्याच्या खांद्यावरचा भुसा हातानंच झटकला. हातानं! नंतर हात धुतला, पण लगेच नाही.

"आता वास येतो का गं मला?" त्यानं विचारलं.

तिनं खोटं बोलायचं नाही म्हणून खरोखर वाकून वास घेतला. "साबणाचा येतो."

त्यानं इतकं समाधानानं डोळे मिटले की तिला रडू आलं.

पण कातडी. त्याच दिवसांत खवले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. आधी केरसुणी पुरायची, आता सुपली भरू लागली. तिला वाटलं, बाहेर पडतंय, शुद्ध होतंय. जखम भरताना खपली धरते तसं. मग त्याला समोरचा माणूस दिसायचा पण बाजूनं आलेला दिसेना. नळीतून बघितल्यासारखं वाटतं म्हणाला. मग पायांना मुंग्या येऊ लागल्या. तिनं नेम आणखी कडक केला. मूठभराचं अर्धमूठ झालं. तोही तयार होता. आपण खाल्लं म्हणूनच हे झालं, असं त्याला वाटत होतं. आणि न खाण्यानं बायको जवळ येते, हे तर तो डोळ्यांनी पाहत होता.

एका सकाळी तो पायरीवरून उतरायला गेला आणि पाय त्याच्या खालून निघूनच गेले. बायको उचलायला धावली तेव्हा तिला त्याच्या छातीत हृदय धडधडताना कळलं. त्याचे ठोके नीट पडत नव्हते. दोन ठोके पळायचं, एक विसरायचं.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई धावतच आल्या. रक्ताचं उत्तर आदल्या दिवशी आलं होतं; त्या फोन करणारच होत्या. त्यांनी पारख्याला पाहिलं, त्याची ढिली पँट, बाहेर आलेल्या फासळ्या, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"यांना काय खायला देत होता?"

"काहीच नाही," बायको म्हणाली. तिच्या आवाजात थोडासा अभिमानही होता. "म्हणजे एकदाच. मूठभर. चरबीचा थेंब नाही. मी स्वतः बघत होते."

डॉक्टरीणबाई खाली बसल्या. काही क्षण त्यांनी कपाळ दाबून धरलं. "हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "माझी चूक आहे ही. नीट ऐका. आपण खातो त्या चरबीचे बारीक धागे असतात, मेदाम्लं म्हणतात त्यांना. बहुतेक सरळ असतात, शरीर ते टोकापासून कापत कापत वापरतं. लोण्यात, गाई-मेंढीच्या चरबीत असा एक धागा असतो की त्याला फाटे फुटलेले असतात. तो कापायला एक खास प्रथिन लागतं. यांच्या अंगात ते प्रथिन जन्मापासून बिघडलेलं आहे. त्यामुळे तो धागा साठत राहतो. नसांच्या वेष्टणात सरळ धाग्यांच्या जागी जाऊन बसतो, डोळ्याच्या पडद्यात, कातडीत. एवढंच नाही. शरीरातल्या कितीतरी प्रथिनांना चरबीचं एक शेपूट जोडलेलं असतं, पेशीच्या भिंतीला धरून राहण्यासाठी. खिळ्याला अडकवलेल्या कोटासारखं. हा फाटे फुटलेला धागा त्या जोडणीतही ढवळाढवळ करतो की काय, अशी काहींना शंका आहे. अजून नक्की नाही. पण जिथं असायला नको तिथं तो जाऊन बसतो, एवढं नक्की."

"म्हणून तर आम्ही बंद केलं," सासूबाई म्हणाल्या.

"बाहेरचं बंद केलंत. पण उपाशी माणूस काय खातो, आजी? स्वतःची चरबी खातो. यांनी आयुष्यभर खाल्लेलं लोणी पोटात, मांड्यांत, पाठीत ठेवलेलं होतं. तिथं ते गप्प होतं. उपास केलात आणि शरीरानं ती कोठी उघडली. गेले कितीतरी दिवस हे रोज लोणीच खाताहेत. आतलं. एवढं तर कारखान्यातही खात नव्हते."

बायकोला पहिल्यांदा समजलं नाही. मग समजलं, आणि ती भिंतीला धरून उभी राहिली. तो धुवट शर्ट, तो साबणाचा वास, ती संध्याकाळची प्रार्थना. आणि आत, कातडीच्या मागे, तो खवट ठोकळा वितळत होता, रक्तात उतरत होता, डोळ्यांत, हृदयात चढत होता. तिनं त्याच्यावर नाक मुरडलं तेव्हा तो सुरक्षित होता. तिला तो स्वच्छ वाटला तेव्हा तो सडत होता. तिला स्वतःच्याच नाकाची किळस आली.

रक्त धुवायचं यंत्र लावलं. एका नळीतून रक्त जायचं, दुसरीतून परत यायचं, आणि बाजूच्या पिशवीत निथळून पडायचं ते पिवळं पाणी. लोणी कढवताना वर येतं तसं पिवळं. तिनं त्या पिशवीकडे डोळे लावून बसायचं ठरवलं आणि बसली. मळमळ दाबत. हे बघायचं टाळायचं नाही, असा तिनं मनाशी नेमच धरला.

"यंत्र निम्मं काम करेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उरलेलं खाण्यानं. साखर, पीठ, बटाटा, भात, जे गोड आणि पिठूळ असेल ते, सतत, थोड्या थोड्या वेळानं. शरीराला बाहेरून मिळालं की ते आतली कोठी बंद करेल. न खाल्लं तर हृदय फार दिवस हे सहन करणार नाही."

आणि पारखी खाईना.

वॉर्डातल्या मावशी वाडगा घेऊन आल्या. त्यात राखाडी रंगाची पिठाची खळ, पाण्यात शिजवलेली, साखर ओतलेली, वर गार होऊन आलेली जाड साय नव्हे तर सायीसारखी चामडी. भिंतीवर कागद चिकटवायला वापरतात तशी. पारख्यानं तोंड मिटलं आणि भिंतीकडे वळला.

"अहो, खा," बायको म्हणाली.

"संध्याकाळ झाली नाही."

"आता तो नेम नाही."

"देवापुढे बोललोय. तूच म्हणालीस, नुसतं माझ्यापुढे म्हणून उपयोग नाही."

सासूबाई पुढे झाल्या. "अरे, नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. पण तुझं नाक दाबून काय करू? ते आधीच बंद!" त्या हसायला गेल्या आणि हसता हसता रडू लागल्या. मावशींनी त्यांना धरून बाहेरच्या बाकावर नेलं. जाताना म्हणाल्या, "डॉक्टर नळीनं घालतील मग. नाकातून. ते बघवत नाही हो ताई."

दोघंच राहिली. खिडकीतून दुपारचं लख्ख ऊन त्याच्या पांघरुणावर पडलं होतं, आणि त्यावर पसरलेले त्याचे खवले चमकत होते.

"हट्ट कशासाठी?" तिनं विचारलं. "मरायचंय का?"

 तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "उपास धरला तेव्हापासून तू माझ्याजवळ बसायला लागलीस. त्याआधी तू केर काढायला यायचीस." थोडं थांबून म्हणाला, "वास मला येत नाही. पण तुझा चेहरा मला दिसायचा ना. आयुष्यभर चेहरेच बघत आलो. तुझा तर रोज. मी 'परत' होतो."

  ते खरं होतं, आणि ती खोटं बोलत नसे.

तिनं वाडगा घेतला. त्याचा खांदा धरून त्याला आपल्याकडे वळवला. चमच्यानं ती चामडी बाजूला सारली, खालची खळ ढवळली आणि एक चमचा त्याच्या ओठांना लावला. त्यानं ओठ दाबून धरले. अर्धी खळ त्याच्या हनुवटीवर ओघळली, अर्धी चमच्यात राहिली, त्याची लाळ आणि ओठावरचा एक खवला घेऊन.

भर दुपार होती. दिवा लागायला अजून फार अवकाश होता. कुणाच्या हातचं, कुठल्या भांड्यातलं, कुणाचं उष्टं. तिनं डोळे मिटले, मनातल्या मनात देवाला एवढंच म्हणाली, "बघू नकोस," आणि तो चमचा स्वतःच्या तोंडात घातला.

कच्च्या पिठाची घाण जिभेला चिकटली. गोड, गार, बुळबुळीत. घशापाशी आली आणि थांबली. तो खवला तिला टाळूला लागलेला कळला. पोटातून सगळं वर आलं, डोळ्यांतून पाणी आलं, खांदे हलले. तिनं गिळलं.

डोळे उघडले तेव्हा तो तिच्याकडेच बघत होता. तसाच, थंड खोलीत बघायचा तसा. नाकपुड्या, ओठांचे कोपरे, कपाळ. दगड होता आलं असतं तिला. कोठीवाल्याच्या माणसांनी केलं तसं. तिनं ते केलं नाही. तोंड जसं वाकडं झालं होतं तसंच राहू दिलं.

"घाण आहे ना?" त्यानं विचारलं.

"फार घाण आहे," ती म्हणाली. "मला ओकारी येतेय." आणि त्याच्या अंगाला अंग लावून पलंगावर बसली, तिथं, खवल्यांवर. "आ करा."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती किळस खरी होती, आणि तरी ती उठत नव्हती. असा चेहरा त्यानं आजवर पाहिला नव्हता. त्याची प्रत त्याला सांगता येईना.

"तू आणखी एक खा," तो म्हणाला. "मग मी."

तिनं आणखी एक खाल्ला. त्यानं तोंड उघडलं.